फेरफारासह, भूल देऊन

"हा अंगठा कुणी घेतला?"

काउंटरच्या काचेला पैसे-कागदांसाठी एक अर्धगोल भोक होतं. त्यातून एक डावा हात आत आला आणि माझ्या नाकासमोर उभा राहिला. अंगठ्याला निळी शाई. मी तेव्हा विमा कंपनीशी फोनवर भांडत होतो. खरं म्हणजे भांडत होता तिकडचा माणूस, मी नुसता 'हो सर, नाही सर' करत होतो. मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणालो, "मावशी, अंगठा तुमच्याच हाताला आहे. कुणी कशाला घेईल?"

"इनोद करू नगंस. मला सही येती. साळंला गेले न्हाई, पर सही येती. मग माझा अंगठा कुणी घेतला?"

काचेपलीकडं साठीच्या एक बाई उभ्या होत्या. उजवा हात दंडापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, डोळे अजून औषधानं जड. झोळीतच आमच्या दवाखान्याचं बिल खोचलेलं होतं. द्वारका साळुंखे. नाव मला पाठ होतं, कारण फोनवर भांडण चाललं होतं ते त्यांच्याच हातावरून.

विट्याला डॉक्टर शेंडुऱ्यांचा हाडांचा दवाखाना होता, तिथं मी बिलं करायचो. हाडांच्या दवाखान्यात तोडकर आडनावाचा माणूस, यावर गावाला जेवढे विनोद करायचे होते तेवढे करून झाले होते. माझ्या कामाला कोडिंग म्हणत. लोकांना वाटायचं, कॉम्प्युटरमधलं काहीतरी भारी काम असणार. आमच्या आईनं तर त्या एका शब्दाच्या जोरावर माझ्यासाठी स्थळंही बघायला घेतली होती. काम एवढंच होतं, की डॉक्टरांनी जे केलं त्याला यादीतला बरोबर आकडा शोधून लावायचा. पण त्यातही मेख असते. हात मोडला म्हणजे नुसता मोडला असं विम्यात चालत नाही. कोपराच्या वर की खाली? एक हाड की दोन्ही? चिरून आत पट्टी बसवली की न चिरता भागवलं? न चिरता, म्हणजे 'क्लोज्ड'. आणि न चिरता नुसतं प्लास्टर घातलं, की आधी हात ओढून सरकलेली हाडं जागेवर बसवली? ओढून बसवली तर ते 'मॅनिप्युलेशन'. त्याचा आकडा निराळा, नुसत्या प्लास्टरचा निराळा. एकाच्या जागी दुसरा पडला की कंपनी बिल परत धाडायची. आज मी पुण्यात बसून दिवसभर अमेरिकेतल्या लोकांचे मोडलेले हात कोड करतो, पण भांडण अजूनही याच एका शब्दावर होतं.

त्यात आमच्या डॉक्टरांना त्या वर्षी मराठीचं भरतं आलं होतं. कंपनीला इंग्रजी बिल जाऊ दे, पण पेशंटच्या हातात त्याच्या भाषेतलंच बिल पडलं पाहिजे, असा हुकूम सुटला. भाषांतराला त्यांचे शाळेतले उपळेकर सर बसले. रिटायर माणूस, हाताशी भला थोरला कोश आणि दवाखान्याचा फुकटचा चहा. 'ॲनेस्थेशिया' म्हणजे भूल. 'क्लोज्ड' म्हणजे बंद. 'मॅनिप्युलेशन'पाशी सर अडले. कोशात दोन शब्द होते, हातचलाखी आणि फेरफार. "तोडकर, तू निवड," सर म्हणाले. हातचलाखी लिहिलेलं बिल घेऊन उद्या कुणी दारात उभा राहिला तर काय घ्या, म्हणून मी फेरफार निवडला. माझ्या मते मी दवाखान्याची अब्रू वाचवली होती.

तर द्वारकाबाईंच्या बिलावरची ओळ अशी होती: उजवा अग्रबाहू, दोन्ही अस्थी, बंद उपचार, फेरफारासह, भूल देऊन.

आणि फोनवरचा माणूस म्हणत होता, की त्याला काही पटत नाही. साठीची बाई, साखर वाढलेली म्हणून ऑपरेशन टाळलेलं, म्हणजे नुसतं प्लास्टर घालून सोडून दिलं असणार. हात ओढून बसवल्याचा पुरावा काय? पेशंटला विचारलं तर ती तरी हो म्हणेल का? नेमक्या त्याच वेळी पेशंट काचेपाशी हजर. मी रिसीव्हरवरचा हात आणखी घट्ट दाबला.

"मावशी, जरा हळू बोला," मी कुजबुजलो. "काय झालं ते सांगा."

बाईंनी डाव्या हातानं बिल ओढून काढलं, काउंटरवर पसरलं आणि त्या ओळीखाली शाईचा अंगठा ठेवला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या बायका वाचतात तसं, एकेक अक्षर हातानं चाचपत त्यांनी वाचलं.

"भू-ल दे-ऊ-न. ह्ये खरं?"

"खरं. भूल दिल्याशिवाय कसं करणार? ओरडला असता तुम्ही."

"आरडायचीच की! गप बसंन व्हय? आनि ह्ये... फे-र-फा-रा-सह. ह्ये बी खरं?"

"अगदी खरं," मी रिसीव्हरकडं बघत ठासून म्हणालो.

"कुणी केला?"

"डॉक्टरांनी. स्वतः."

"डाक्टरनं?" बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "डाक्टरला काय अधिकार?"

आता मला राग आला. आमच्या डॉक्टरांकडं कराड-सांगलीचे लोक यायचे. "त्यांना नाही तर कुणाला असणार? त्यांच्याइतक्या सफाईनं या तालुक्यात दुसरं कुणी करत नाही. दिवसाला दोन-तीन तरी करतात."

"दिसाला दोन-तीन!" बाईंनी कठड्याचा आधार घेतला. "लोकं काय करत्यात रं मग?"

"काय करणार? पाया पडून जातात."

बाई पुन्हा बिलावर वाकल्या. मला वाटलं, पटलं. मी रिसीव्हर कानाला लावणार तेवढ्यात त्यांनी पुन्हा शाईचा अंगठा वर केला.

"आनि ह्यो ह्येच्यासाठनंच घेतला व्हय?"

"ह्याच्याचसाठी. तुमचा उजवा हात मोडलेला, सही कशी करणार? म्हणून सिस्टरनी आत नेण्याआधी डावा अंगठा घेतला. त्याशिवाय आम्ही कुणाला हात लावत नाही."

"मला काय आठवत न्हाई."

"औषधच तसं असतं. त्या वेळचं काही आठवू नये म्हणूनच देतात."

हे मी त्यांना धीर यावा म्हणून सांगितलं होतं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी आवाज असा काढला, की ओपीडीतल्या बाकांवरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"फेरफार मला मान्य न्हाई! फेरफार झाला न्हाई म्हणून लिहून दे मला! आत्ताच्या आत्ता!"

रिसीव्हरमधून आवाज आला, "कोण बोलतंय? पेशंट का? काय म्हणतायत त्या?"

"काही नाही सर, दुसऱ्याच पेशंट आहेत," मी म्हणालो आणि रिसीव्हर टेबलाच्या खणात ठेवून खण लावून घेतला. माझं डोकं काही चालेना. कंपनीनं या बाईंना शिकवून पाठवलं की काय, असंसुद्धा एकदा मनात आलं. पेशंटनंच लिहून मागितलं की हात ओढला नाही, तर झालंच. बिल परत, डॉक्टरांच्या शिव्या, आणि कोडिंगवाला मुलगा म्हणून आलेलं स्थळही परत.

मी खुर्ची पुढं ओढली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागलो. "मावशी, ऐका. झालेलं नाही असं कसं लिहू? तुमचे तुकडे सरकले होते. एकावर एक चढले होते. डॉक्टरांनी ते ओढून काढले, जागेवर आणले आणि एकाला एक लावून दिले. आता महिना-दीड महिन्यात दोन्ही एकजीव होतील. मधे काही वेगळं होतं हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

"दोनी तुकडं?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "वड्याकडचा बी?"

"ओढलेला ना? हो, तोसुद्धा."

"आनि हितं बंद लिवलंय. बंद म्हंजे?"

"बंद म्हणजे आता उघडायची गरज नाही. कायमचं काम झालं."

बाई मटकन खाली बसल्या. बाकावर नव्हे, काउंटरखाली फरशीवरच, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. काचेतून मला त्यांचा नुसता भांग दिसत होता. मी दार उघडून बाहेर धावलो. चक्कर आली असेल, साखर उतरली असेल, असं वाटून मी पाणी पुढं केलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"तलाठी आत बसलाय का गेला?"

"तलाठी?"

"त्याच्याबिगर कसा हुईल? का त्योबी डाक्टरच हाय?"

मी पाण्याचा पेला फरशीवर ठेवला. 

"दिन्या कुठं गेला माझा?" बाई कुणाकडंही न बघता बोलत होत्या. "म्हणला शहाळं घिऊन येतो. गेला त्यो गेलाच. बापाच्या मागं रानाच्या सातबाऱ्यावर त्याचं आनि माझं, दोनच नावं हुती. वड्याकडचा तुकडा आनि वरचा तुकडा. मी कंदी मागितला न्हाई. कंदी म्हणजे कंदी न्हाई. तरी मला भूल दिऊन माझं नाव उडवलं रं त्यानं. सख्ख्या भावानं."

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो असा की मला तिथंच हसू फुटलं. आमच्याकडं सातबाऱ्यावर एखादं नाव चढलं किंवा उडालं, की त्या नोंदीला फेरफार म्हणतात. खेड्यातल्या माणसाला या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊकच नसतो. त्यांच्या लेखी दवाखान्यानं त्यांना भूल दिली होती, अंगठा घेतला होता आणि त्यांच्या जमिनीचे दोन्ही तुकडे भावाच्या नावावर ओढून बंद करून टाकले होते. आणि मी मघापासून प्रत्येक गोष्टीला 'अगदी खरं' म्हणत होतो.

मी त्यांना समजावलं. म्हणजे मी समजावत गेलो आणि बाई मान हलवत गेल्या.

"हाडाचा फेरफार?" त्या म्हणाल्या. "हाडाचा कंदी फेरफार हुतो व्हय? तू बी त्यातलाच."

शेवटी डॉक्टरांनाच बोलावलं. डॉक्टर शेंडुरे अंगानं आडवे आणि आवाजानं त्याहून आडवे. सगळा प्रकार ऐकून ते आधी माझ्यावर ओरडले, मग उपळेकर सरांच्या नावानं ओरडले, मग खणातला रिसीव्हर काढून कंपनीच्या माणसावर ओरडले. "हात मी स्वतः ओढलाय! मी कोपर धरलं, कंपाउंडरनं मनगट. आधीची आणि नंतरची, एक्स-रेच्या दोन्ही फिल्मा धाडतो. आणखी काय पाहिजे?" तिकडचा माणूस बहुधा दमला होता. त्यानं फिल्मा आल्या की मंजूर करतो म्हणून सांगून टाकलं.

मग डॉक्टरांनी त्याच दोन फिल्मा आणवल्या आणि बाईंना बाकावर बसवून खिडकीच्या उजेडासमोर धरल्या. "हे बघा, साळुंखेबाई. हा तुमचा हात. भावाच्या दारात शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडलात ना, तेव्हाचा. ही दोन हाडं, दोन्ही मोडली. हा तुकडा ह्याच्यावर चढला. आणि हा सकाळी मी ओढल्यावरचा. बसली का सरळ रेषेत? ह्या ओढण्याला आमचे शहाणे फेरफार म्हणाले."

बाईंनी फिल्म जवळ ओढून घेतली. एकीकडून दुसरीकडं बघितलं. "माझ्या हातात असली दोन हाडं हाईत व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं एकच हाय."

"सगळ्यांनाच दोन असतात."

"म्हंजे रान जागच्या जागी हाय?"

"रानाला मी कशाला हात लावू? मला माझंच कसायला होत नाही."

बाई आधी नुसत्या बघत राहिल्या, मग हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. ओपीडीतली माणसंही हसायला लागली. कुणीतरी चहा मागवला. मी मनातल्या मनात उपळेकर सरांच्या कोशाची होळी करत होतो, तरी हसू येतच होतं.

चहाची बशी डाव्या हातात धरून बाई माझ्याशी बोलायला लागल्या. मघाचा राग कुठल्या कुठं गेला होता. "कुणाला सांगू नगंस हां, पोरा. दिन्याला तर अजाबात न्हाई. काय म्हणंल त्यो? माझा नवरा गेल्यापास्नं चार वर्सं मला म्हायेरचं बोलावणं न्हवतं. पोरगा माझा मदुरंला, गलाईच्या कामात, सोनं-चांदी आटवतोय. सणावाराला मी आनि माझी शेळी. आनि आत्ता दिन्या स्वतः जीप घिऊन आला. म्हणला आक्का, नात झालीया, ऐतवारी बारसं हाय, तू आल्याबिगर पाळणा हालायचा न्हाई. घरात पाय ठिवला तर भावजयीनं पायावर पाणी घातलं. गरम गरम धपाटी काय, दही काय. पडले तर ह्या बाप्यानं मला उचलून जीपमधी घातली, रडत हुता वाटंनं. आनि मी बग, त्याच्याबद्दल काय इचार केला! जीभ झडंल माझी."

"असं काही नाही मावशी, बिलच तसं होतं," मी म्हणालो.

तेवढ्यात दिनकर मुळीक दारातून आत आले. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, पांढरा पायजमा-शर्ट, खांद्यावर टॉवेल, दोन्ही हातांत दोन शहाळी. बहीण बाकावर बसून हसतेय हे बघून त्यांचा चेहरा उजळला. "आक्का, उठून आलीस व्हय? दमानं गं. ह्ये घे, ग्वाड पाणी हाय, साखरंवालीला चालतंय न्हवं डाक्टर?"

बाईंनी डोळ्यांनीच मला आणि डॉक्टरांना खुणावलं, गप बसा. मी गप बसलो. पण डॉक्टर शेंडुऱ्यांच्या पोटात विनोद राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहणं.

"या मुळीक, या! तुमच्या बहिणीनं आज तुम्हाला जेलात घालायचीच तयारी केली होती. म्हणे भावानं मला भूल देऊन फेरफार केला रानाचा!"

सगळे पुन्हा हसले. दिनकर मुळीकही हसले, शहाळी सावरत. "काय ओ डाक्टर! फेरफार अजून कुठं झालाय!"

वाक्य हसण्यातच होतं. आमच्या हसण्यात ते वाहून गेलं. माझ्या तर ते कानावर पडूनही आत गेलं नाही. पण द्वारकाबाईंची बशी ओठांपाशी थांबली.

"अजून म्हंजे?"

"आं?"

"अजून कुठं झालाय म्हणलास. अजून म्हंजे?"

"तसं न्हवं आक्का. बोलायची पद्धत असती." मुळीकांनी शहाळी काउंटरवर ठेवली. मग उचलून खाली ठेवली. "डाक्टर चेष्टा करत्यात, मी बी केली चेष्टा."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. बहिणीच्या नजरेतून सुटका झाली म्हणून की काय, त्यांनी तो घाईघाईनं कानाला लावला. त्या काळातले ते स्वस्तातले फोन. कानाला लावला तरी बोलणं चार हातांवर ऐकू यायचं. त्यात पलीकडं रानातनं बोलायची सवय असलेली बाई.

"अवं, कुठं हाय? त्या वकिलाचा फोन आल्ता. सोमवारचं काय करायचं म्हणतोय. मोडल्या हातानं सही चालती का इचारा की तितं कुणाला, का अंगठा चालतोय?"

मुळीकांनी फोन बंद केला. नीट बंद व्हावा म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

ओपीडीत कुणी हसत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की मघाशी मी ज्या गोष्टीला चूक म्हणून हसलो ती चूक नव्हती. किंवा चूक होती, पण खोटी नव्हती. आता काय करायचं असतं, काही कळेना. डॉक्टर उगाचच खिडकीपाशी जाऊन फिल्म पुन्हा बघायला लागले.

"सोमवारी काय हाय?" बाईंनी विचारलं. आवाज शांत होता.

"आक्का, सांगणारच हुतो तुला. बारसं झालं म्हंजे निवांत बसून सांगावं म्हणलं." मुळीक तिच्याशेजारी बाकाच्या कडेला टेकले. "हक्कसोड करायची हुती. तीस वर्सं रान मीच कसतोय. हीर मी काढली, पाइप मी टाकली. तू काय येणार हाईस व्हय नांगर धरायला? तुजा पोरगा तिकडं मदुरंला. उद्या त्येला काय ठावं, आपला बांध कुठला. भावाबहिणीत, भाच्यांत भांडणं नकोत म्हणून म्हणलं."

"मी इचारलं न्हाई का म्हणून. मी इचारते, पोरगी खरी हाय न्हवं?"

"कंची पोरगी?"

"तुजी नात. जिचं बारसं हाय."

"आक्का! ह्ये काय इचारतीस? तू काल मांडीवर घेतलीस की तिला!"

"मग मला तिच्यासाठनं बोलावलंस का सहीसाठनं?"

मुळीकांनी टॉवेल खांद्यावरून काढला, चेहरा पुसला, परत खांद्यावर टाकला. मला वाटलं, आता हा माणूस शपथा घेईल, नातीच्या डोक्यावर हात ठेवतो म्हणेल. त्यांनी तसलं काही केलं नाही. खाली फरशीकडं बघत म्हणाले, "दोनीसाठनं, आक्का."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण ते खोटं बोलले असते तर तो नीट आला असता. माणूस वाटेनं रडत आला होता, हेही खरंच होतं. हात मोडला म्हणून रडला की सोमवार हुकला म्हणून, हे त्याला स्वतःला तरी सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. बाईंचं तोंड बघवत नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी त्यांचं रान परत मिळालं होतं, आणि आता माहेर गेलं होतं.

डॉक्टर खिडकीपासून परत आले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "साळुंखेबाई, एक विचारतो. घरी सोडायची चिठ्ठी करायचीय. दीड महिना हा हात हलवायचा नाही. लुगडं नेसवायला, केस विंचरायला, ताटात वाढायला माणूस लागणार. एकटं राहणं जमायचं नाही. कुणाकडं जाणार?"

त्यांच्या गावचं घर कुलपात होतं. शेळी शेजारणीकडं. मदुराईहून मुलगा निघाला तरी परवा पोचणार. हे सगळं त्यांनी सांगितलं नाही, पण त्या ते मनात मांडत असाव्यात, कारण बशी खाली ठेवायलाही विसरल्या होत्या. मी तेव्हा तरुण होतो आणि डोक्यात राख लवकर घालून घ्यायचो. म्हणालो, "मावशी, आमच्या घरी चला. आई आहे माझी. मुलगा येईपर्यंत राहा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, एवढ्या वेळात त्यांनी पहिल्यांदाच मला नीट बघितलं.

"तुज्या घरी कशाला? मला काय घर न्हाई?"

त्यांनी बशी माझ्या हातात दिली, पदर सारखा केला आणि भावापुढं हात धरला. "दिन्या, फोन लाव."

"कुणाला?"

"तुज्या बायकूला."

"आक्का, घरी जाऊन बोलू की आपन. तिला काय कळतंय..."

"लाव."

मुळीकांनी फोन लावला आणि बहिणीच्या डाव्या हातात दिला. तिनं तो कसा धरायचा हे न कळून ओठांसमोरच धरला, म्हणून पलीकडचा आवाज तर आणखीच मोकळा ऐकू आला. "हां, काय म्हणाले? चालतोय का अंगठा?"

"मालन, मी आक्का बोलतीया."

पलीकडं सगळं थांबलं. नुसता कोंबड्यांचा आवाज येत होता.

"वकिलाला सांग, सोमवारी न्हाई. हात मोडलाय. हात जुळला म्हंजे मग मी काय म्हणती ते माझं मी त्येला सांगीन. आनि ऐक. आम्ही निघालोय. माझं अंथरूण भाईर सोप्यात नगं टाकू, आत आईच्या खोलीत टाक. दीड म्हयना हाय मी. न्हवं, न्हवं, पाव्हणी म्हणून न्हाई येत गं. त्ये झालं." बाईंनी भावाकडं बघितलं. तो उठून उभा राहिला होता. "वाटेकरीण म्हणून येतीया. च्या टाक."